फोनवर सांगता आलं नसतं, म्हणून पत्र

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

फोनवर सांगितलं असतं तर बाबा "बरं" म्हणून गप्प झाले असते आणि आईने लगेच जेवलीस का विचारलं असतं. मला सगळं नीट सांगायचं आहे, म्हणून लिहिते.

या महिन्यापासून मी ऑफिसला आठवड्यातले तीनच दिवस जाते. उरलेल्या दिवसांत लंडनच्या ब्लूम्सबरी भागात लोकांना पायी फिरवून तिथल्या स्त्रियांचा इतिहास सांगणार आहे. गाइडचा कोर्स पूर्ण झाला, ऑफिसने मान्य केलं, कागदावर सह्याही झाल्या. म्हणजे पुढच्या वर्षी कायमची परत येते म्हणाले होते, ते अजून थोडं लांबेल. रद्द केलेलं नाही, लांबेल इतकंच.

बाबा, तुम्ही आता वहीत आकडे मांडायला घ्याल. मी आधीच मांडलेत. घरभाडं, हीटिंग, प्रवास सगळं भागून शिल्लक राहते. तुमच्या खात्यात दर महिन्याला येतं त्यात एक रुपया कमी होणार नाही, मेडिक्लेमचा हप्ताही मीच भरणार. ताईच्या लग्नानंतर आपण जसे दिवस काढले, तशी वेळ पुन्हा येऊ देणार नाही. चांगले बूट आणि जाड रेनकोट घेतलाय. थंडीत दुपारच्याच फेऱ्या घेणार, आणि डबा घरचाच असतो.

आई, आता तुझ्यासाठी. तू ज्या कामा हॉस्पिटलमध्ये नर्सिंग शिकलीस, तिथल्या सुरुवातीच्या काळातल्या इंग्रज डॉक्टर एडिथ पिची तुला ठाऊक आहेत. त्यांच्याच मदतीने आपल्या रखमाबाई १८८९ साली इथे डॉक्टर व्हायला आल्या. मी लोकांना आधी युस्टन रोडवर नेते. एलिझाबेथ गॅरेट अँडरसन यांचं हॉस्पिटल १८९० मध्ये तिथे आलं. रुग्ण बायका, डॉक्टरही बायकाच. या बाईंनी १८६५ मध्ये औषधविक्रेत्यांच्या संस्थेची परीक्षा देऊन डॉक्टरकीचा परवाना मिळवला, आणि त्यानंतर त्या संस्थेने नियम बदलून पुढच्या बायकांना वाटच बंद केली. शेवटी सोफिया जेक्स-ब्लेक यांच्या पुढाकाराने १८७४ मध्ये बायकांसाठी वेगळं वैद्यकीय कॉलेज निघालं. रखमाबाई तिथेच शिकल्या. हंटर स्ट्रीटवर आज दिसते ती इमारत त्या परतल्यावर काही वर्षांनी बांधलेली, पण जागा तीच. आता तिथे दवाखाना आहे.

तिथे मी बराच वेळ थांबते. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या मुलीने नवऱ्याघरी जायला नकार दिला, नवरा कोर्टात गेला आणि १८८७ मध्ये मुंबईच्या न्यायाधीशांनी 'नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात' असा निकाल दिला. त्या तुरुंगात जायला तयार झाल्या. पुढच्या वर्षी दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली तेव्हा ते थांबलं. पाश्चात्त्य पाहुणे हे ऐकताना एकदम शांत होतात. त्यांना वाटत असतं, हा इतिहास फक्त त्यांच्याच बायकांचा. मग मी सांगते की त्या १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या, सुरतेला आणि राजकोटला कित्येक वर्षं बायकांवर उपचार केले आणि १९५५ पर्यंत जगल्या. आई, म्हणजे तुझ्या आईने त्यांना पाहिलं असतं तरी नवल नाही. रखमाबाईंचं नाव इथे नीट, पूर्ण आणि मराठी तोंडून घेतलं जावं, एवढ्यासाठी मी पगार कमी करून घेतला. तुम्हीच मला ही गोष्ट लहानपणी सांगितली होती, रात्री पाय चेपता चेपता, दिवे गेलेले असताना.

बाबा, टॅव्हिस्टॉक स्क्वेअरमध्ये गांधीजींचा पुतळा आहे, १९६८ पासून. त्याच बागेच्या कोपऱ्यात कॉलेजच्या एक प्रमुख, लुइझा ऑल्ड्रिच-ब्लेक यांचं स्मारक आहे. तिथे बाकं आहेत, गुडघे दुखले की बसता येईल. पुढे गॉर्डन स्क्वेअरमध्ये दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनसाठी हेरगिरी केलेल्या नूर इनायत खान यांचा अर्धपुतळा, आणि सगळ्यात शेवटी गॉवर स्ट्रीटवर मिलिसेंट फॉसेट यांचं घर. त्या एलिझाबेथबाईंच्या धाकट्या बहीण. पार्लमेंट स्क्वेअरमध्ये बाईचा पहिला पुतळा उभारला गेला तो त्यांचा, तोही २०१८ मध्ये. त्यांच्या चळवळीमुळे १९१८ मध्ये काही बायकांना मत मिळालं आणि १९२८ मध्ये पुरुषांच्या बरोबरीने सगळ्यांना. त्या १९२९ मध्ये गेल्या, म्हणजे ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

मे महिन्यात तुम्ही दोघं या. तेव्हा इथे ऊन असतं आणि रात्री उशिरापर्यंत उजेड. वरच्या खोलीत दोघांसाठी पलंग लावलाय, बाबांसाठी कमोडशेजारी हँडल बसवून घेते. तांदूळ, तूरडाळ, गोडा मसाला सगळं मिळतं. एकच फेरी माझ्याबरोबर करा, हळूहळू, मध्ये चहा घेत.

आता नीट ऐका. बाबांनी बीपीची गोळी रोज सकाळी नाश्त्यानंतर घ्यायची, "आज बरं वाटतंय" म्हणून चुकवायची नाही. आईने माळ्यावरचं काही काढायला स्टुलावर चढायचं नाही. संध्याकाळी येणाऱ्या मावशींना सुट्टी द्यायची नाही. डॉक्टरांकडची पुढची तारीख कॅलेंडरवर लाल पेनने लिहा आणि फोटो पाठवा. पासपोर्टची मुदत आजच पाहा.

दादाला मी वेगळं कळवते, तुम्ही सांगत बसू नका. रविवारी दुपारी फोन करते. तोवर मनात रागच असेल तर तेव्हा रागवा, मी ऐकेन. रडू मात्र नका. मी इथे सुखात आहे आणि तुमची रोज आठवण येते, दोन्ही खरं आहे.

तुमची,
छोटी