‘झेना’ ही ‘जनी’ची बहीण, लेक नव्हे

मा. संपादक,

गोव्यातल्या मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर रशियन बोलणे रोजचे झाल्यापासून ‘झेना’ म्हणजे बायको, हे पेडण्यात बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पण हा शब्द ‘आपल्या संस्कृत जनीवरून (म्हणजे स्त्री, पत्नी) तिकडे गेला’, असे जे ठोकून दिले जाते त्यात दोन चुका आहेत.

पहिली, ‘गेला’ ही. व्युत्पत्ती आजच्या रशियनपासून सुरू करू नये. ९व्या शतकापासूनच्या जुन्या स्लाव्हिकमध्ये ‘झेना’ म्हणजे स्त्री आणि पत्नी दोन्ही. बल्गेरियन आणि चेकमध्ये अजूनही तसेच आहे. आता शेजारी नातलग मांडा: प्राचीन प्रशियन (बाल्टिक गटातली, आता लुप्त भाषा) ‘गेन्ना’, ग्रीक ‘ग्युने’, आर्मेनियन ‘किन’, जुने आयरिश ‘बेन’, इंग्रजी ‘क्वीन’. ग, क, ब हे सगळे या भाषांच्या समान पूर्वज-भाषेत ओठ गोल करून उच्चारलेल्या एकाच ‘ग्व’चे वंशज. या ‘ग्व’ला लागून ‘ए’ आला की स्लाव्हिकमध्ये त्याचा झ झाला, संस्कृतात ज. ‘ग्व’ आणि ‘न’ यांच्या मध्ये स्वरच नव्हता तिथे संस्कृतातही ग टिकला. ऋग्वेदात देवपत्नींना ‘ग्ना’ म्हटले आहे, तो हाच शब्द. मग ‘जनी’च्या ज-मधून प्रशियनचा ग कसा काढणार?

दुसरी चूक अधिक चिवट: ‘जनी’ म्हणजे जन्म देणारी, ‘जन्’ धातूवरून. ऐकायला गोड आहे, पण संस्कृतात मुळातले दोन वेगळे वर्ण एकाच ज-मध्ये मिसळले, त्यामुळे इथे संस्कृतची साक्ष चालत नाही. स्लाव्हिकने ते वेगळे ठेवले. आपल्या ‘जीव’ला रशियनमध्ये ‘झिव’, पण ‘ज्ञा’ (जाणणे) धातूला ‘ज़्नात्य’ (ज़ म्हणजे इंग्रजी z). ‘जन्’चा ज हा ‘ज्ञा’च्या गटातला. म्हणजे त्यावरून शब्द झाला असता तर तो ‘ज़ेना’ झाला असता. पारशी धर्मग्रंथ अवेस्ताची प्राचीन इराणी भाषाही हेच सांगते: जन्मणे ‘ज़न्’, स्त्री मात्र ‘जइनि’. (मराठीत ‘जाड’ आणि ‘जीव’ यांच्या उच्चारात जो फरक आहे तो फार नंतरचा, त्याचा इथे उपयोग नाही.)

उसना घेतलेला शब्द हवाच असेल तर तो आपल्याच घरात आहे. फारसीत स्त्रीला ‘ज़न’ म्हणतात (तिथे जुन्या ज-चाही पुढे ज़ झाला), त्यावरून ‘जनाना’ आणि ‘जनानखाना’ मराठीत आले. गोव्यातले ‘जनेल’ मात्र या कुळातले नाही. ते पोर्तुगीजांकडून आले आणि त्याचे मूळ लॅटिनमधल्या दारात आहे.

— एक भाषा-अभ्यासक, पेडणे