पाइप केवढा, तेही सांगावे

महोदय,

आपल्या दैनिकाच्या विज्ञान पुरवणीत अतिसूक्ष्म नळ्यांतून पाणी ‘हजारो पट वेगाने’ वाहते, असे सांगणारा लेख वाचला. त्याच अंकात घालून आलेल्या एका जाहिरातपत्रकात, घरातील पाइपांना आतून ‘नॅनो’ लेप दिल्यास पाणी घर्षणाविना वाहते आणि पंपाचे वीजबिल घटते, असा दावा होता. लेखातले विज्ञान बहुतांशी खरे आहे. मात्र त्याचा आधार घेऊन पत्रकातला दावा उभा राहत नाही. नळी केवढी, हे दोन्हीकडे सांगायचे राहून गेले आहे.

वाहत्या द्रवाचा भिंतीला अगदी लागून असलेला थर जागचा हलत नाही, असे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवले जाते. छताचा पंखा दिवसभर गरगरूनही पात्यांवर बारीक धूळ साचून राहते, त्यामागे हवेचे असेच वर्तन आहे. तथापि हा मूलभूत सिद्धांतातून निघालेला नियम नसून अनुभवाने मान्य झालेले गृहीतक आहे. फ्रेंच अभियंता नाविए यांनी 1820च्या दशकातच द्रव भिंतीवरून थोडाफार घसरत असावा, अशी शक्यता मांडली होती. पुढे फ्रेंच वैद्यक व संशोधक प्वाझय यांना बारीक काचनळ्यांतला प्रवाह व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलताना आढळला. भिंतीपाशी वेग शून्य धरला तरच हे जुळते, म्हणून घसरणीची चर्चा बराच काळ मागे पडली.

घसरण मोजण्यासाठी नाविए यांचीच कल्पना आजही वापरतात. भिंतीपासून आत जाताना द्रवाचा वेग ज्या दराने वाढतो, तोच दर भिंतीच्या पाठीमागे लांबवला, तर जितक्या खोलीवर वेग शून्य होईल ती घसरणीची लांबी. स्वच्छ काचेवर पाण्याची ही लांबी जवळजवळ शून्य येते. पाणी न धरणाऱ्या गुळगुळीत पृष्ठभागावर फार तर काही दशक नॅनोमीटर. (माणसाचा केस साधारण 80 हजार नॅनोमीटर जाड असतो.)

आता 15 मिलिमीटर व्यासाचा घरगुती पाइप घेऊ आणि त्यातील लेपावर 20 नॅनोमीटरची घसरण मिळते, असे उदारपणे मानू. पाणी संथ वाहत असेल, तर त्याच दाबाखाली प्रवाहात होणारी वाढ लाखाला एक इतकी येते. म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर त्या पाइपातून गेले, तर तेवढ्याच वेळात एखादा लिटर पाणी जास्त मिळेल. प्रवाह खळाळता धरला तरी बिलात दिसेल असा फरक पडत नाही.

कार्बनच्या नॅनोट्यूबमध्ये, म्हणजे कार्बनच्या अणूंनी बनलेल्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्यांमध्ये, मात्र चित्र पालटते, कारण तेथे घसरणीची लांबी नळीच्या त्रिज्येपेक्षाही मोठी असू शकते. सुमारे 7 नॅनोमीटर व्यासाच्या नळ्यांचा पडदा वापरून 2005 मध्ये अमेरिकेत झालेल्या प्रयोगात प्रवाह अपेक्षेच्या दहा हजार पटींहूनही अधिक असल्याचे जाहीर झाले होते. पुढे 2016 मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी एकेका सुट्या नळीतला प्रवाह मोजला, तेव्हा सुमारे 15 नॅनोमीटर त्रिज्येच्या नळीत घसरणीची लांबी 300 नॅनोमीटरच्या आसपास आली. हिशेबाने प्रवाह सुमारे 80 पट होतो; हे थोडे नव्हे, पण हजारो पटही नव्हे. त्याच प्रयोगात बोरॉन नायट्राइडच्या, अणुरचनेने जवळपास तशाच असलेल्या नळ्यांत घसरण आढळलीच नाही. नळीचा गुळगुळीतपणा एवढ्यावर हे भागत नाही, तिच्यातील इलेक्ट्रॉनांचाही यात हात असावा, असा तर्क त्यातून पुढे आला. मला विचाराल तर संपूर्ण लेखात सांगण्यासारखी गोष्ट हीच होती, आणि तिला जेमतेम एक ओळ मिळाली आहे.

कमळाच्या पानासारख्या खडबडीत, हवा धरून ठेवणाऱ्या पृष्ठभागांवर घसरण मायक्रोमीटरांत जाते, हे खरे. परंतु दाबाखालील पाण्यात ती अडकलेली हवा विरघळते आणि फायदा ओसरतो. घरच्या पाइपात पाणी सततच दाबाखाली असते.

तेव्हा यापुढे अशा संशोधनाचे वृत्त देताना ‘इतके पट’ या आकड्याशेजारी घसरणीची लांबी आणि नळीचा व्यासही छापावा, आणि जाहिरातदारांकडूनही हे दोन्ही आकडे मागून घ्यावेत, ही विनंती.

— एक निवृत्त प्राध्यापक, सांगली