छोट्या टाकीतील शैवाल : उपाय मासा नव्हे, चिमटा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतील घरगुती मत्स्यटाकीविषयीच्या लेखात, खाऱ्या पाण्याच्या छोट्या टाकीत शैवाल माजल्यास शैवाल खाणारा मासा सोडावा, असा सल्ला देण्यात आला आहे. मोठ्या टाकीपुरता तो एक वेळ मान्य करता येईल; परंतु पन्नास-साठ लिटरच्या टाकीत सर्जनफिशसारखा सतत पोहणारा मासा कोंडणे म्हणजे शैवालाची शिक्षा माशाला देणे होय. शिवाय कॉलर्पा हे चिवट हिरवे शैवाल स्वतःच्या संरक्षणासाठी विषारी द्रव्य तयार करते, त्यामुळे अनेक शाकाहारी जलचर त्याच्या वाटेला जात नाहीत. सी हेअर हा गोगलगायीसारखा समुद्री प्राणी इतर शैवालांचा फडशा झपाट्याने पाडतो खरा, पण अन्न संपले की त्याचीच उपासमार होते. गोल फुग्यांसारख्या व्हॅलोनिया या शैवालावर एमराल्ड खेकडा बऱ्यापैकी उपयोगी पडतो, एवढे मात्र कबूल करावे लागेल.

माझ्या मते छोट्या टाकीत हाताने उपटणे हाच खरा उपाय आहे, कारण तेथे प्रत्येक दगड बाहेर काढता येतो. कॉलर्पाची आडवी खोडे दगडावरून सरपटतात आणि मुळांसारखे बारीक तंतू दगडाच्या छिद्रांत घट्ट रुततात; वरची पाने खुडली की टाकी चार दिवस स्वच्छ दिसते, इतकेच. म्हणून टाकीतलेच पाणी भरलेल्या बादलीत दगड धरून, चिमट्याने तंतू बुडापासून ओढावेत, छिद्रे ताठ ब्रशने घासावीत आणि दगड दुसऱ्या बादलीत खंगाळून मगच परत ठेवावा. संपूर्ण कॉलर्पा ही अनेक केंद्रके असलेली एकच प्रचंड पेशी असते आणि तिच्या लहानशा तुकड्यापासूनही नवे शैवाल उभे राहू शकते. त्यामुळे टाकीतच काम करावे लागले तर पंप बंद ठेवून, सुटणारे तुकडे तिथल्या तिथे नळीने ओढून घेणे आवश्यक आहे.

खाद्य कमी करणे, नळाऐवजी आरओ-डीआय, म्हणजे गाळून क्षार काढून टाकलेले, पाणी वापरणे आणि नियमित पाणी बदलणे हे ओघाने आलेच. मात्र नायट्रेट व फॉस्फेटची चाचणी जवळपास शून्य दाखवते म्हणून निर्धास्त राहू नये. ती पोषकद्रव्ये शैवालाने आधीच गिळलेली असू शकतात. पाणी शुद्ध राहावे म्हणून कॉलर्पा मुद्दाम वाढू देणारेही आहेत, पण प्रजननाच्या वेळी ती आपला सारा जीवरस पाण्यात सोडून मरते. पाने काचेसारखी पांढरी पडतात, पाणी गढूळ होते, प्राणवायू घटतो आणि साठलेली पोषकद्रव्ये पुन्हा टाकीतच येतात.

उपटलेल्या शैवालाचे काय करायचे, याबद्दल लेखात चकार शब्द नाही, हे मला अधिक खटकले. मोनॅकोच्या किनाऱ्यालगत 1984 मध्ये कॉलर्पा टॅक्सिफोलिया या कॉलर्पाच्याच एका प्रजातीचा जेमतेम एक चौरस मीटरचा पट्टा आढळला होता; मत्स्यालयात वाढवलेला हा वाण पुढे भूमध्य समुद्राच्या विस्तीर्ण तळावर पसरला. कॅलिफोर्नियातील कार्ल्सबाडच्या खाजणात 2000 मध्ये तोच वाण सापडला, तेव्हा काळ्या ताडपत्रीखाली क्लोरीन सोडून तो मारावा लागला. त्याचे समूळ उच्चाटन झाल्याचे 2006 मध्ये जाहीर होईपर्यंत सत्तर लाखांहून अधिक डॉलर खर्ची पडले होते.

तेव्हा काढलेले शैवाल, त्याचा चुरासुद्धा, मोरीत, गटारात किंवा समुद्रात टाकू नये. ते पूर्ण गोठवून किंवा कडकडीत वाळवून, पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावे आणि बादल्यांतील पाण्यात ब्लीच घालून, ते काही काळ तसेच ठेवून मगच ओतावे. लेखाच्या पुढील भागात एवढी सूचना ठळकपणे छापावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक