मुंबईला निघालेल्या सईस

म्हार्दोळ,
गुरुवार, रात्री

चि. सई हिस आईचे अनेक आशीर्वाद.

उद्या संध्याकाळी तू मैत्रिणींबरोबर करमळीला कोकणकन्येत बसशील. मघाशी "आई, मी आता शाळेत नाही" म्हणून तू ताटावरून उठलीस आणि माझं बोलणं अर्धवट राहिलं. म्हणून हे लिहितेय. तुझ्या दम्याच्या पंपाविषयी काही लिहायचं नाही, असं ठरवूनच बसले आहे.

तू जातेयस याचा मला फार आनंद आहे, हे आधी सांगते. मुंबईचा काळा घोडा कला महोत्सव १९९९ पासून भरतोय, आणि आपल्या घरातलं कुणी त्यासाठी म्हणून जाण्याची ही पहिलीच खेप. तीही स्वतःच्या कमाईवर. शिगम्याच्या चित्ररथांचं रंगकाम करून तू ते पैसे जमवलेस. बाबांनी तिकिटाचे पैसे पुढे केले तेव्हा तू घेतले नाहीस. मला ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी देवळात भेटेल त्याला सांगत होते. त्या रंगकामाच्या दिवसांत रात्री तुझी छाती वाजायची, तीही भिंतीपलीकडून मला ऐकू यायची. असो.

पहाटे सीएसएमटीला उतरलात की लगेच टॅक्सीमागे धावू नका. थोडं उजाडू दे आणि बाहेर येऊन इमारतीकडे मान वर करून बघ. १८८७ ची ती. कमानींच्या कडेने दगडात पानं, पक्षी, प्राणी कोरलेत. ते काम जे. जे. कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या हातचं. म्हणजे तुझ्याच वयाची मुलं. स्केचबुक तिथेच उघड. गिरगावला मावशीकडे अर्धा तास उशिरा पोचलात तर काही बिघडत नाही, तिला मी फोन करते.

शनिवारी आधी भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयात जा, काळा घोड्याची गर्दी संध्याकाळीच खरी. भाऊ दाजी लाड मूळचे आपल्या पेडण्यातल्या मांद्र्याचे, आणि ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर. राणीच्या बागेतलं ते संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी उघडलं आणि शंभर वर्षांनी त्याला त्यांचं नाव मिळालं. आत गेलीस की आधी खांब बघ: ओतीव लोखंडाचे, फिकट हिरवे, वर सोनेरी नक्षी. नंतर मातीच्या छोट्या बाहुल्या बघ, कुणाची पगडी कशी, कुणाचं लुगडं कसं, बोटभर उंचीत सगळं. तुझी नजर तिथे अडकणार, मला माहीत आहे. बाहेर उभा आहे तो दगडी हत्ती घारापुरीहून आणलेला.

घारापुरीला जायचा बेत असेल तर रविवारी सकाळी लवकर जा. गेटवेवरून बोटीला तासभर लागतो. धक्क्यावरून वर लेण्यांपर्यंत शंभरावर पायऱ्या आहेत, आणि दोन्ही बाजूंनी दुकानं, त्यामुळे लोक रेंगाळत आणि रेटत असतात. मैत्रिणींच्या पायाशी पाय जुळवायला जाऊ नकोस. दम लागला तर बस. कुणी हसलं तर हसू दे. निळा पंप तेव्हा हातात हवा, मावशीकडच्या बॅगेत नको.

लिहिलंच शेवटी. आता लिहिलंय तर पुरतं लिहिते. फेब्रुवारीत मुंबईची हवा वाईट असते, समुद्रावरचा वारा पडलेला असतो आणि बांधकामांची धूळ खालीच राहते. आपल्याकडच्यासारखं नसतं ते. सकाळ-संध्याकाळचा पंप घेतल्यावर चूळ भरायचीच, प्रवासात असलीस तरी. खाऊगल्लीत कोळशाच्या शेगडीशेजारी उभी राहू नकोस, चार पावलं लांब उभं राहूनही खाता येतं. आणि बरं वाटतंय म्हणून एक वेळ चुकवली, असं करू नकोस. नरकासुराच्या त्या पहाटे तुला बरंच वाटत होतं. बाबा स्कूटर चालवत होते, तू आमच्या दोघांच्या मध्ये, आणि तुझी पाठ माझ्या छातीला लागून भात्यासारखी हलत होती. फोंड्याला पोचेपर्यंत मी तुझे श्वास मोजत होते. तू तेव्हा दुसरीत होतीस. तुला त्यातलं फक्त नर्सने दिलेलं बिस्किट आठवतं.

हे भाषण झालं. माफ कर गो बाय. तुझा उत्साह घालवायला नाही लिहिलं.

काळा घोड्याला गेलीस की जहांगीर कलादालनाच्या बाहेर फुटपाथवर चित्रं मांडून बसलेल्यांकडे आधी थांब. नंदूमामाने मला तसंच थांबवलं होतं. मी तुझ्याएवढीच होते, माईची अबोली साडी नेसून गेले होते. एका चित्रकाराशी मामा इतका वेळ बोलत राहिला की त्याने आम्हाला बसायला स्टूल दिलं. मग मामा आत 'समोवार' कॅफेमध्ये घेऊन गेला. अरुंद, लांबच लांब जागा, एका बाजूने म्युझियमची हिरवळ दिसायची. शेजारच्या टेबलावर दोघं जण एका चित्रावरून कडाकडा भांडत होते आणि मला ते इतकं आवडलं! माझ्या पर्समध्ये जे. जे.चा फॉर्म होता. पुढे आजोबांचं ते सगळं झालं. 'समोवार' २०१५ मध्ये बंद पडलं, तेव्हा मामाने फोन करून सांगितलं होतं. तुला ते दाखवायचं राहून गेलं.

समोरच राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. आपल्या साळगावचा चित्रकार सौझा तिथे लागला असेल तर वेळ काढून बघ. १९४७ साली चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह गट काढला तेव्हा तो जेमतेम तेविशीचा होता. तू अजून बाविशीची आहेस. हे दडपण म्हणून नाही सांगत, नुसतं सांगते.

खाण्याचं तुला सांगायला नको. तरी मेट्रोजवळच्या कयानीत जाच, १९०४ पासूनचा इराणी आहे. ब्रून मस्का चहात बुडवून खायचा, कोरडा खाऊ नकोस, टाळू सोलते. माटुंग्याला रामा नायकांकडे केळीच्या पानावर जेवा. दादरला मिसळ आणि वर पीयूष. मासळी मात्र तिथे मागवू नकोस, सोमवारी घरी विस्वण आणते. मावशीकडे एक वेळ तरी पोटभर जेव, ती दोन दिवस आधीपासून नारळ खवत बसली असेल.

रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो, तेव्हा कुठली लाइन बंद आहे ते सकाळीच बघून ठेव. बायकांच्याच डब्यात चढा. गर्दी असेल तर ती गाडी सोडा, दुसरी येते. गर्दीत आधी छातीच आवळते तुझी, म्हणून सांगते.

परतीच्या गाडीला दादरला धावतपळत चढण्यापेक्षा सीएसएमटीलाच वेळेत जाऊन बसा. सोमवारी सकाळी बाबा करमळीला येतील. माईला मावा केक हवाय, तिने स्वतःहून सांगितलं नाही, पण दोनदा विचारलं की इराण्याकडे अजून तो मिळतो का. चार आण. आणि मामाला तिथून एक फोन कर, जहांगीरच्या दारातून. माझ्याकडून ऐकण्यापेक्षा तुझ्याकडून ऐकलेलं त्याला जास्त आवडेल.

तुझी,
आई

ता. क. बाबा म्हणतात, पैसे कमी पडले तर कळव, उसने म्हणून देतील.