आधी ओबीवरच्या माणसाची छाती तपासा
(केंद्रीय कोळसा व खाण मंत्र्यांना खुलं पत्र)

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

खाण कामगारांच्या आरोग्याबद्दल पुढची काही वर्षं कशावर संशोधन करायचं, त्याच्या याद्या अधूनमधून निघत असतात. अशा यादीत पहिल्या क्रमांकावर कोळशावरचा दगड काढणाऱ्या ठेका कामगारांची फुप्फुसं असावीत, एवढंच सांगायला लिहितो आहे. माझी नोकरी वणी-घुग्घुस पट्ट्यातल्या कोळसा खाणींत गेली. आधी भूमिगत, नंतर ओपनकास्टला, म्हणजे उघड्या खाणीत. ओव्हरमन, म्हणजे पाळीवर देखरेख करणारा, म्हणून निवृत्त झालो.

वर्धा खोऱ्यात कोळशावर कामठी वालुकाश्माचे जाड थर आहेत. कोळशापर्यंत पोचायचं तर हा दगड ड्रिल करून, ब्लास्टिंग करून, डंपरने उचलून बाजूला टाकावा लागतो. आम्ही त्याला ओबी (ओव्हरबर्डन) म्हणतो. कोळशाची धूळ काळी असते, नाक शिंकरलं की रुमालावर दिसते, म्हणून माणूस थोडा तरी सांभाळतो. ओबीची धूळ पिवळट-तांबूस. पापण्यांवर, मिशीवर बसते आणि साध्या मातीसारखी वाटते. पण वालुकाश्म म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ (सिलिका), आणि क्वार्ट्झची बारीक धूळ म्हणजे सिलिकोसिस या फुप्फुसाच्या रोगाचं मूळ. कोळसा खाणीत काळ्या फुप्फुसाची, म्हणजे कोळशाच्या धुळीने होणाऱ्या रोगाची, चर्चा होते, आणि त्याहून वाईट धूळ वरच्या बेंचवर, म्हणजे खाणीच्या वरच्या पायरीवर, उडत असते.

आता त्या बेंचवर कोण असतो ते बघा. ओबी काढायचं काम बहुतेक ठिकाणी ठेक्यावर दिलेलं आहे. ड्रिल ऑपरेटर, त्याचा हेल्पर, डंपरवाला, हॉलरोडवर, म्हणजे डंपरच्या रस्त्यावर, झेंडी घेऊन उभा असलेला पोरगा, सगळे ठेकेदाराचे. ठेका संपतो, नवा ठेकेदार येतो, माणसं पांगतात. कुणी सिंगरौलीला, कुणी ओडिशात, कुणी गावी. खाण नियमांनी नोकरीला लागताना आणि मग दर पाच वर्षांनी तपासणी, म्हणजे पीएमई, ठरवून दिली. ती ठेक्याच्या कामगारालाही लागू आहे. पण पाच वर्षं एका जागी टिकतोच कोण? सिलिकोसिस सहसा दहा-वीस वर्षांनी डोकं वर काढतो, तोवर हा माणूस कुठल्याच रजिस्टरात नसतो. कायम कामगारांच्या पीएमईवरून अभ्यास केला की रोग जवळजवळ नाहीच, असा निष्कर्ष निघतो. निघणारच! ज्याला व्हायचा तो आधीच यादीबाहेर गेलेला.

मोजमापाचीही तीच गत. धुळीच्या सॅम्पलिंगच्या दिवशी कमरेला पंप आणि कॉलरला धूळ गोळा करणारी कॅसेट लावून एका माणसाला शिफ्टभर फिरवतात. त्या दिवशी पाण्याचा टँकर सकाळपासून हॉलरोडवर फेऱ्या मारतो आणि ड्रिलचा डस्ट कलेक्टरही सुरू असतो. एरवी त्या ड्रिलचा रबरी पडदा फाटून लोंबत असलेला मी पाहिला आहे. हे कुणा एका खाणीचं गाऱ्हाणं नाही, या धंद्यातल्या कुणालाही विचारा. म्हणून न सांगता, तिन्ही पाळ्यांत, मे महिन्यात आणि खास ओबी बेंचवर नमुने घ्या. धुळीचं वजन करून थांबू नका, तिच्यात क्वार्ट्झ किती ते काढा.

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये कोळसा कामगारांचा काळ्या फुप्फुसाचा रोग संपला, असं कित्येक वर्षं मानलं जात होतं. 2015 मध्ये रुग्ण सापडले. मग जुन्या एक्स-रे फिल्म जाणकारांकडून पुन्हा वाचून घेतल्या, तेव्हा कळलं की रोग फिल्मवर दिसत होता, वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटला होता. आपल्या खाण दवाखान्यांत अशा फिल्मचे गठ्ठेच्या गठ्ठे पडून आहेत. आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या) प्रमाण फिल्म शेजारी ठेवून त्या पुन्हा वाचायला फार पैसा लागत नाही. धाडस मात्र लागेल.

दुसरी गोष्ट क्षयाची. सिलिकाने खराब झालेल्या फुप्फुसात क्षय लवकर शिरतो, आणि फिल्मवर दोन्ही सारखे दिसू शकतात. आमच्याकडे ओबीवरून परतलेला माणूस खोकायला लागला की त्याला टीबीचा कोर्स लागतो, कधी दुसऱ्यांदाही. आधी काय काम करत होतास, हे त्याला क्वचितच कुणी विचारतं. निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी पोर्टलवरची नावं आणि ठेकेदारांचे बी फॉर्म, म्हणजे कामगारांची नोंदवही, एकदा समोरासमोर ठेवून बघा. चंद्रपूर आणि यवतमाळ या दोन जिल्ह्यांपुरतं केलं तरी चालेल. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने रक्तातल्या सीसी16 प्रथिनावरून सिलिकोसिसचा सुगावा लवकर लागावा अशी चाचणी तयार केली आहे. ती ओबीच्या माणसांवर वापरून बघायला वर्धा खोऱ्यासारखी जागा नाही.

पण हे करायचं कुणी? खाण तुमच्या मंत्रालयाची, तपासणारं डीजीएमएस (खाण सुरक्षा महासंचालनालय) कामगार मंत्रालयाचं. नागपूरला खाण कामगारांसाठी वेगळी आरोग्य संस्था होती, तीही तुमच्याच खात्याची; 2019 मध्ये ती अहमदाबादच्या संस्थेत विलीन करायचं ठरलं आणि विषय आरोग्य मंत्रालयाकडे गेला. तीन तिगाडा, काम बिगाडा. चासनाल्याच्या कोळसा खाणीत 1975 मध्ये पाणी घुसून 375 माणसं गेली, तेव्हा चौकशी कुणी करायची हा प्रश्न पडला नव्हता. फुप्फुस हळूहळू जातं, म्हणून तो प्रश्न पडतो.

मँगनीजबद्दल थोडक्यात. भंडारा-नागपूर-बालाघाट पट्ट्यातल्या मँगनीज खाणींत त्याच्या धुळीने मज्जासंस्था बिघडू शकते, म्हणून तिथल्या कामगारांची चाल, हातांची थरथर, चेहऱ्याचा ताठरपणा निवृत्तीनंतरही तपासत राहायला हवं. हा मज्जासंस्थेचा विकार 1950च्या दशकातच खाणीतला रोग म्हणून अधिसूचित झाला आहे, म्हणजे नवं काही मागत नाही. आणि उन्हाळ्यात 45 अंशांच्या वर पारा जातो तेव्हा एसी बंद पडलेल्या डंपरच्या केबिनमध्ये माणसाच्या मूत्रपिंडाचं काय होतं, हाही विषय यादीत असू द्या.

स्मार्ट हेल्मेट आणि ड्रोनचे प्रस्ताव तुमच्याकडे भरपूर येत असतील. त्यांचे फोटो चांगले येतात. वरचं सगळं झाल्यावर उरलेल्या पैशांत तेही करा.

1952 चा खाण कायदा जाऊन कामगारांच्या सुरक्षा-आरोग्याची नवी संहिता आली आहे, नियम नव्याने बसत आहेत. तोवर थांबायचीही गरज नाही. ओबीच्या प्रत्येक निविदेत अट घाला: कामावर घेताना आणि सोडताना प्रत्येकाची एक्स-रे फिल्म, आधारशी जोडलेली कामाची नोंद, आणि काम सुटल्यावर वीस वर्षं मोफत तपासणीचा हक्क, मग तो माणूस कुठेही असो. निविदा तुमच्या मंत्रालयाखालच्या कंपन्याच काढतात. पुढची निघेल तेव्हा ही अट तिच्यात आहे का, ते आम्ही इथले लोक वाचून बघणार आहोत.

आपला,
एक निवृत्त ओव्हरमन
वणी, जि. यवतमाळ