गिटार उघडल्याशिवाय सौदा नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या इलेक्ट्रिक गिटारींचे सौदे हल्ली फोटो आणि सिरियल नंबर बघून होतात. गिब्सन या अमेरिकन गिटार कंपनीने १९६०च्या दशकात तेच नंबर वेगवेगळ्या वर्षी पुन्हा वापरले आहेत. त्या काळातल्या फेंडर या दुसऱ्या कंपनीच्या गिटारचा नंबर मागच्या धातूच्या पट्टीवर असतो आणि चार स्क्रू काढले की ती पट्टी दुसऱ्या गिटारवर बसते. म्हणून नाशिककर खरेदीदारांनी पैसे देण्याआधी गिटार उघडून दाखवायला सांगावे, विकणारा नाराज झाला तरी.

फेंडरचे स्ट्रॅटोकास्टर हे मॉडेल असेल तर तारा सैल करून नेक, म्हणजे गिटारची लांब मान, काढावी. १९६४च्या नेकच्या, बॉडीत बसणाऱ्या टोकावर '२ मार्च ६४ बी' अशा धाटणीचा शिक्का असतो. यातला २ म्हणजे तारीख नव्हे, तो मॉडेलचा अंक. बी ही नटची, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीची, रुंदी. मग पिकगार्डखालच्या (बॉडीवरच्या प्लास्टिकच्या पत्र्याखालच्या) पॉटवरचे, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणांखालच्या भागांवरचे, आकडे बघावेत. १३७६४१५ मध्ये १३७ म्हणजे पॉट बनवणारी सीटीएस कंपनी, ६४ म्हणजे १९६४ साल, १५ म्हणजे पंधरावा आठवडा. गिटार त्यानंतरचीच असणार, आधीची नाही. मात्र फेंडरने १९६६ साली पॉटचा एवढा साठा करून ठेवला की त्या सालचे पॉट दशकाच्या अखेरच्या गिटारींतही सापडतात. जुने सोल्डर (आतल्या वायरींच्या जोडावरचा डाख) राखाडी, निस्तेज असते. चकचकीत दिसले तर तिथे कोणाचा तरी हात फिरलेला आहे. १९६४ पर्यंतचे हिरवट पिकगार्ड सेल्युलॉइडचे. ते आकसते आणि स्क्रूच्या भोकापाशी तडकते, तेव्हा ओढाताण करू नये.

रंग मूळचा आहे का हे बघायला नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च पुरतो. अंधारात जुने नायट्रो लॅकर (त्या काळचा चकाकीचा लेप) हिरवट-पिवळे चमकते, नंतरची डागडुजी काळपट उठून दिसते. पुन्हा रंगवलेल्या गिटारची किंमत साधारण निम्म्यावर येते. त्यामुळे 'नव्यासारखी करून देतो' म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार! झिजलेले फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) मात्र खुशाल बदलावेत. न वाजणारी गिटार जपण्यात काय हशील?

आपल्या पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेल आणि छोटा हायग्रोमीटर हवा. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राखावी. थंडीत पहाटे प्रवासातून आणलेली केस दोन-तीन तास बंदच ठेवावी. गार गिटारला एकदम ऊब लागली की लाकूड आणि लॅकर सारखे फुगत नाहीत, लॅकरला बारीक तडे जातात.

फिंगरबोर्ड (नेकवरची बोटे टेकवायची फळी) ब्राझिलियन रोझवुडचा असेल तर परदेशी विकण्याआधी साइट्सचा, म्हणजे दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, परवाना लागतो. हे लाकूड १९९२ पासून त्या कराराच्या परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे सर्वात कडक निर्बंधांच्या यादीत आहे.

– एक गिटार दुरुस्ती कारागीर, नाशिक रोड