तारण आधी, परवाना नंतर

प्रति,
माननीय येसिका रोस्वाल,
पर्यावरण आयुक्त, युरोपीय आयोग, ब्रसेल्स

स. न. वि. वि.

मी हंगेरीत राहणारी, इथे कर भरणारी मराठी बाई. एकच मागणी घेऊन लिहिते आहे. घातक माल साठवणाऱ्या प्रत्येक कंपनीला विमा किंवा तारण, म्हणजे अपघाताच्या भरपाईसाठी आधीच राखून ठेवलेला पैसा, सक्तीचे करा आणि ते दाखवल्याशिवाय परवाना देऊ नका.

४ ऑक्टोबर २०१० च्या दुपारी हंगेरीतल्या आयका इथल्या अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियमचा कच्चा माल) कारखान्याच्या गाळाच्या तलावाचा बांध फुटला. कातडी भाजून काढणारा लाल चिखल जवळच्या कोलोन्तार आणि देवेचेर या गावांतल्या घराघरांत शिरला. १० माणसे गेली, शंभरावर जखमी झाली. तोर्ना ओढ्यात आणि पुढे मार्त्सल नदीत जिवंत काही उरले नाही.

कायदा तेव्हाही होता. ज्याने प्रदूषण केले त्यानेच खर्च सोसावा, असे युरोपचा २००४ चा पर्यावरणीय दायित्व निर्देश, म्हणजे सदस्य देशांवर बंधनकारक असलेला युरोपीय कायदा, सांगतो. वर्षभरात कंपनीला १३५ अब्ज फोरिंटचा (हंगेरीचे चलन) दंड झाला आणि पुढे कंपनीच दिवाळखोरीत गेली. बडा घर, पोकळ वासा. सफाईचा आणि नव्या घरांचा मोठा भार सरकारी तिजोरीवर, म्हणजे आम्हा सगळ्यांवर पडला.

मला सगळ्यात जास्त सलते ते वेगळेच. तारणाची सक्ती हवी का, यावर आयोगाने अहवाल द्यावा असे त्या निर्देशातच लिहिले होते. तो आला १२ ऑक्टोबरला, बांध फुटून आठ दिवस झाल्यावर. सक्तीसाठी पुरेसे कारण नाही, असा निष्कर्ष. या प्रश्नाचा पुन्हा विचार करू, असेही त्यात होते. त्या विचारातून युरोपभर लागू होणारी सक्ती काही आली नाही.

भोपाळनंतर भारताने १९९१ मध्ये घातक रसायने हाताळणाऱ्यांना विमा सक्तीचा केला. त्यातली भरपाई अगदीच तोकडी, हे आम्ही भारतीय जाणतो. पण पैशाची सोय अपघाताआधी व्हावी, हे तिथे मान्य झाले. स्पेन आणि पोर्तुगालने आपापल्या कायद्यांतही तशी तरतूद केली आहे. २०२४ च्या निर्देशाने पर्यावरणाच्या गंभीर गुन्ह्यांसाठी कंपन्यांवरच्या दंडाची कमाल मर्यादा जागतिक उलाढालीच्या निदान ५ टक्के किंवा ४ कोटी युरो असावी असे ठरवले, त्याचे मी स्वागतच करते. पण बुडालेल्या कंपनीकडून तो दंड वसूल कोण करणार?

तारणाची रक्कम कंपनीच्या सोयीने ठरू नये. तलावात किती गाळ साठला आहे आणि बांधाखाली किती घरे आहेत, यावर ती ठरावी आणि दरवर्षी नव्याने तपासली जावी.

कळावे,
बुडापेस्टची एक रहिवासी